अधिवास : बसस्थानकामागील गल्ली, जव्हार

दिवाळीनंतरचा पहिला आठवडा. जामसरच्या डोंगरमाथ्यावरील सड्यावर मिळालेला एक भुंगेरा, टाचणीवर लावून, त्याच टाचणीत खाली जागेची चिठ्ठी ओवून, शहरातल्या संग्रहसंस्थेकडे स्पीड पोस्टाने रवाना. या टप्प्यावर कोणाचाही दोष नाही.

संक्रांतीच्या सुमारास. संस्थेचे उत्तर. प्रजाती बरोबर ओळखलेली, अधिवास चुकीचा नोंदवलेला. जबाबदार : ज्यांची त्या पत्राखाली सही आहे ते संग्रहप्रमुख.

होळीच्या अगोदर. सड्यावर वाहनतळ करण्यासाठी पाहणी करणाऱ्या खाजगी कंपनीची दोन माणसे माझ्या घरी. त्यानंतर त्यांचा अहवाल. जबाबदार : अहवालाचे लेखक, आणि तो न वाचता पुढे पाठवणारे.

पावसाळ्याच्या तोंडावर. कामास मंजुरी. जबाबदार : मंजुरी देणारे अधिकारी, ज्यांना मी त्याआधी लेखी कळवले होते आणि ज्यांच्या कार्यालयाची पोच माझ्याकडे आहे.

भर पावसाळ्यात. नोंद दुरुस्त करण्याचा अर्ज ‘अर्जदार मयत’ असा शेरा मारून बंद. जबाबदार : पुन्हा संग्रहप्रमुख.

दसरा. सड्याच्या पायथ्याशी जेसीबी येऊन उभा. जबाबदार : वरील सर्व.

नेमके दिनांक माझ्या अर्जांत आहेत आणि ज्यांना ते लागतील त्यांच्या टेबलावर पोहोचलेले आहेत. येथे गावाची सणावारांची गणती पुरे, कारण हा मजकूर अर्ज नाही. आमच्या घरी भाड्याने राहिलेल्या एका बाईंविषयी मला लिहायचे आहे, आणि वरील यादी गाळून त्यांच्याविषयी लिहिणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

बाई मोखाड्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवत. निवृत्त झाल्यावर त्या जव्हारला आल्या. खोल्या पाहायला आल्या तेव्हा त्यांनी नळाला पाणी किती वेळ येते हे विचारले नाही, खिडक्या उघडून पाहिल्या नाहीत. अंगणात एक फरशी सैल झालेली होती, तिच्या कडेखाली मोडक्या छत्रीची काडी घालून त्यांनी ती उचकटली, वाकून बराच वेळ खाली न्याहाळले, फरशी होती तशी परत बसवली आणि म्हणाल्या, “चालेल.” माझ्या पत्नीने आत येऊन मला हळूच विचारले, “यांना खोली द्यायची की फरशीखालची जागा?”

त्या बसत नसत. चहाची बशी हातात घेऊन अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत आणि चालता चालता बोलत. वाक्य सुरू व्हायचे ओट्यापाशी आणि संपायचे पेरूच्या झाडापाशी, त्यामुळे ऐकणाऱ्यालाही बरोबर चालावे लागे. जेवणही बहुधा उभ्यानेच. कोणाकडे सत्यनारायणाला गेल्या तर प्रसाद हातात पडण्याआधी त्यांनी त्या घराच्या सगळ्या कुंड्या उचलून पाहिलेल्या असत. जुना विद्यार्थी एसटीच्या आगारात भेटून पाया पडू लागला की त्या झटकन मागे सरत. “आधी पायाखाली बघ, कुणी आहे का तिथे. मग वाक.” साडीवर कॅनव्हासचे पुरुषी बूट, खांद्याला झोळी, गळ्यात दोरीने बांधलेले भिंग आणि हातात ती छत्रीची काडी. दगड उलटावा आणि पाहून झाला की त्याच अंगावर, त्याच खाचेत परत ठेवावा, हा त्यांचा नियम. तो मोडणाऱ्याशी त्या दोन दिवस बोलत नसत.

मी दस्तलेखक होतो. जमिनीच्या खरेदीखतांत, बक्षीसपत्रांत, वाटणीपत्रांत चतुःसीमा लिहिण्यात माझे आयुष्य गेले : पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक. एका जागी मांडी घालून बसण्याचीच सवय या धंद्याने लावली होती. ती बाईंनी मोडली. आज त्या नाहीत, तरी संध्याकाळी मी अंगणात फेऱ्या मारत अर्जांचे मसुदे तोंडी करतो. डॉक्टरांनी चालायला सांगितले असावे असा शेजाऱ्यांचा समज आहे.

ज्या जीवासाठी बाई सड्यावर जात, तो भुंगेरा दिसायला काही खास नाही. बोटाच्या पेराएवढा, काळा, उन्हात धरला तर पाठीवर तांब्याची किंचित झाक. पाय लांब, धाव जोरात. छेडला तर मागून आम्लाची चिळकांडी सोडतो. बाईंच्या बोटांवर त्याचे तपकिरी डाग कायम असत आणि नवख्या माणसाला वाटे की बाई तंबाखू मळतात. पण त्याला उडता येत नाही. पाठीवरची दोन्ही कठीण झाकणे मधल्या रेषेत एकमेकांना चिकटलेली आहेत, ती उघडतच नाहीत. दगडाखाली जन्मावे, रात्री बाहेर पडून अळ्या-गोगलगाई खाव्यात आणि पुन्हा दगडाखाली जावे, एवढाच त्याचा संसार. बाई म्हणत, “फुलपाखराची जागा मोडली तर ते पलीकडचा डोंगर गाठेल. हा कुठे जाईल, सांगा? याला बदली नाही.”

त्याचे लॅटिन नाव मला पाठ आहे, परंतु मी ते येथे देत नाही. लिहिण्यात एका अक्षराची चूक झाली तर तेवढाच मुद्दा धरून मूळ प्रश्नाला बगल देणारी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत.

ओळख पटवण्याची बाईंची रीत मला माझ्या धंद्याच्या जवळची वाटे. डोळ्याच्या वर केसांची एक जोडी आहे की दोन, मानेमागच्या पाटीच्या कडा आत वळतात की सरळ उतरतात, पाठीवरच्या रेघांत टिंबे आहेत की नाहीत, हे सगळे भिंगातून पाहायचे आणि तरीही नाव घ्यायचे नाही. कोणी उत्साहाने सांगत आले की बाई, तुमचा किडा दिसला, तर पहिला प्रश्न ठरलेला असे. “आधी जागा सांग. दगडाखाली की पाल्याखाली? दगड सपाट की गोटा? उताराच्या कुठल्या अंगाला?” सांगणाऱ्याला जागा नीट सांगता आली नाही तर किडा कसा होता ते त्या ऐकूनच घेत नसत. माझ्या दस्तांतली चतुःसीमा त्यांना इतकी आवडली की त्यांनी ती उचललीच. त्यांच्या चिठ्ठ्यांवर मुंगीच्या अक्षरात लिहिलेले असे : जामसरचा सडा, पूर्वेस ओहोळ, पश्चिमेस करवंदीच्या जाळ्या, दक्षिणेस गावाची पायवाट, उत्तरेस उतार, सपाट दगडाखाली, ओल आहे. असे वर्णन असलेल्या जमिनीविषयी कोणत्याही न्यायालयात वाद होऊ शकत नाही, असे मी त्यांना सांगितले होते.

जामसर-दाभोसा बाजूच्या जीपवाल्याशी त्यांचे कायमचे भांडण होते आणि कायमचा लोभही. आमच्याकडे डोंगरातली माणसे कलेक्टरलाही ‘तू’ म्हणतात, त्यात अनादर नसतो. एकदा गच्च भरलेली जीप बाईंनी मध्येच थांबवायला लावली, कारण रस्त्यावरून काहीतरी काळे धावत चालले होते. बाई उतरल्या, वाकल्या, भिंग लावले. मागे टपावरची माणसेसुद्धा खाली वाकून पाहू लागली.

“बाय,” जीपवाला म्हणाला, “तुझा किडा पायी चालतं, त त्याला चालूं दे. आमाला त जीपानं जाऊं दे.”

आतून एक म्हातारी म्हणाली, “जाऊं दे रं. त्यालाबी बाजाराला जायाचा असंल.”

बाई उठून आत आल्या आणि दार ओढून घेत म्हणाल्या, “हा तो नव्हे. चला.” त्यापुढचा सगळा रस्ता जीपवाला गिअर बदलताना स्वतःशीच म्हणत होता, “हा तो नव्हं. हा तो नव्हं.”

सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचा उघडा, सपाट कातळ. पावसात तो गवताने आणि फुलांनी भरतो, आणि उरलेले वर्ष कागदावर काम करणाऱ्यांना रिकामा दिसतो. धबधबे पाहायला येणाऱ्यांच्या गाड्या लावण्यासाठी तेथील दगड काढून जागा सपाट करावयाची, हे ठरल्याचे आम्हाला त्याच जीपवाल्याकडून कळले. त्याला आनंद झाला होता आणि तो त्याने लपवला नाही.

“पार्किंग झाला त माझी जीप हितंच उभी ऱ्हाईल. बायको भजी तळंल.”

“तळू दे की,” बाई म्हणाल्या. “पण रस्त्याला लागून खाली मुरमाची जागा पडली आहे ना, तिथे कर म्हणावं. मी ती सगळी उलटून बघितली आहे. तिथे कुणी राहत नाही.”

“साहेब बोलतं, ती जागा बारीक हाय.”

“मग साहेबाला सांग, रस्त्यावरून भज्यांचा वास लवकर लागतो.”

तो हसला, पण मला दिसले की त्याने ते मनावर घेतले. पुढे वाहनतळाच्या कामाचे साहेब जागा पाहायला आले तेव्हा त्याने खालच्या जागेचा विषय काढला होता, हे मी स्वतः ऐकले आहे. साहेबांनी गाडीची काच वर केली.

मी लगेच हरकतीचा अर्ज दिला. उत्तर आले की सदर ठिकाणी नमूद कीटक असल्याची नोंद कोणत्याही संग्रहात आढळत नाही. नोंद व्हायची तर नमुना हवा, आणि नमुना म्हणजे मेलेला भुंगेरा. येथे आमचे अडले. इतक्या वर्षांत बाईंनी एकही भुंगेरा मारला नव्हता. त्या आपोआप मेलेले शोधत, आणि ते मिळत तेव्हा मुंग्यांनी आतून पोखरून नुसते टरफल ठेवलेले असे. या प्रजातीची शेवटची खूण नराच्या पोटातल्या अवयवात असते. टरफलातून ती सिद्ध होत नाही.

मी म्हणालो, “तुमचे सगळे म्हणणे तोंडी आहे. मुद्देमाल दाखल करावा लागेल.”

बाई पेरूपासून ओट्याकडे येत होत्या. “तुमच्या कोर्टात साक्षीदाराला मारून साक्ष घेतात का?”

“एक गेला तर बाकीचे राहतील.”

“असं कोण म्हणतं? भुंगेऱ्यांचा वकील?”

“होय,” मी म्हणालो. “दुसरा कोणी उभा राहत नाही, म्हणून मी.”

त्यावर त्या फेऱ्या मारत राहिल्या. दुसऱ्या दिवशीही. मी आग्रह सोडला नाही, आणि तो धरणे योग्य होते असे मी आजही मानतो. ज्या समाजात नोंद हाच पुरावा आहे तेथे नोंद करणे कर्तव्य ठरते. दिवाळी झाली आणि बाई सड्यावरून एक नर घेऊन आल्या. हिंगाच्या धुतलेल्या रिकाम्या डबीत तो होता. त्यांनी डबी आमच्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवली, कारण त्यांच्या मते थंडीने येणारे मरण झोपेसारखे असते, आणि स्वयंपाकघरात त्या उभ्या राहिल्या. मग फ्रीज उघडून पाहिला. मग बंद केला. ओट्यावरचे भांडे उगाच इकडचे तिकडे केले. पुन्हा उघडला.

माझी पत्नी भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, “बाई, अशा दार उघडत राहिलात तर त्याला नुसती थंडी वाजेल. मरायचा नाही.”

बाईंनी दार लावले आणि त्याला पाठ टेकून उभ्या राहिल्या. “वहिनी, तुम्ही बोला काहीतरी,” त्या म्हणाल्या. माझ्या पत्नीने तिच्या माहेरच्या लग्नातल्या एका रुसव्याची हकीकत सांगायला घेतली आणि ती संध्याकाळपर्यंत लांबवली. हकीकत एवढी मोठी नव्हती, हे मला ठाऊक आहे.

मग टाचणी, थर्माकोल, चिठ्ठी. भुंगेऱ्याच्या पोटाखाली, टाचणीत ओवलेली, चारही सीमा लिहिलेली चिठ्ठी. खोक्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता मी माझ्या अक्षरात घातला, जसा तो टपालाच्या नियमांनुसार घालावाच लागतो.

उत्तर आले तेव्हा बाई अंगणात होत्या. मी पत्र वाचू लागलो. प्रजातीचे नाव आले, जे त्या आधीपासून म्हणत होत्या तेच. त्यांनी माझ्याकडून तो शब्द पुन्हा वाचून घेतला आणि ओट्यावर बसल्या. इतक्या वर्षांत घरी मी त्यांना बसलेले प्रथम पाहिले. दोन्ही हात मांडीवर, पाय जुळवलेले, शाळेच्या फोटोला बसावे तशा. मग मी पुढची ओळ वाचली. अधिवास : बसस्थानकामागील गल्ली, जव्हार.

खोके उघडणाऱ्याने भुंगेरा उचललाच नव्हता. चिठ्ठी त्याच्या पोटाखाली होती आणि पत्ता वर, ठळक. त्याने वरचा उतरवून घेतला. पाठवणारा जेथे राहतो तेथे किडा राहतो. सही झाली, शिक्का झाला. माझी पन्नासेक वर्षे दस्तांत गेली. लिहून देणाऱ्याचे राहते घर मिळकतीच्या जागी लिहिलेला दस्त कोणत्याही दुय्यम निबंधकाने माझ्या तोंडावर फेकला असता.

बाई उठल्या. बराच वेळ चालून झाल्यावर पेरूपाशी थांबल्या आणि म्हणाल्या, “मग मारला कशाला मी त्याला?”

हा सगळा खटाटोप त्या एका प्रश्नासाठी आहे, हे वाचकांनी समजून घ्यावे.

त्यांनी लगेच दुरुस्तीचा अर्ज पाठवला. तो तेथे पडून असतानाच पाहणी कंपनीची ती दोन माणसे आमच्या घरी आली. तरुण होती, नम्र होती. संग्रहातल्या नोंदीप्रमाणे कीटकाच्या अधिवासाची पाहणी करायची आहे, असे त्यांनी सांगितले. मी विरोध नोंदवणार होतो, पण बाई पुढे झाल्या आणि अत्यंत आदराने त्यांना आत घेऊन गेल्या. “या ना, बघा.” त्या दोघांनी मोरी पाहिली. कुंड्यांचे फोटो काढले. ती सैल फरशी उचलली आणि तिरकीच ठेवून दिली. बाईंनी ती पायाने बसवली. ओल किती, सावली किती, सगळे टिपून घेतले. चहा झाला. ते बूट घालू लागले तेव्हा बाई म्हणाल्या, “एक जागा राहिली.”

“कुठली, मॅडम?”

“फ्रीज. शेवटचा तो तिथेच होता.”

त्यांना वाटले म्हातारी थट्टा करते आहे. ते हसले आणि निघून गेले. बाई हसल्या नाहीत. अहवालात लिहिले आहे की सदर प्रजाती मानवी वस्तीलगत आढळते, सबब सड्यावरील कामाने तिला बाधा पोहोचत नाही.

त्यानंतर बाईंचे सड्यावर जाणे वाढले. उन्हाळ्यात, दगड तापलेले असताना. प्रत्येक सपाट दगड आता त्या घाईने उलटत, जणू कोणी मागे लागले आहे, आणि तरीही परत त्याच खाचेत ठेवत. चैत्रात तेथेच पाय सरकून पडल्या. खुब्याचे हाड मोडले. जीपवाल्याने पुढची सीट काढून त्यांना जव्हारच्या दवाखान्यापर्यंत आडवे आणले; वाटेत त्या त्याला म्हणाल्या, तो दगड उलटाच राहिला, परत ठेवून ये. तो गेला आणि ठेवून आला. कोणता दगड, हे कसे कळले, असे मी विचारले तेव्हा म्हणाला, “एकच उलटा होता ना रं.”

भाचा येऊन त्यांना नाशिकला घेऊन गेला. तेथे खाटेवर पडून राहावे लागले. जिला अंगण पुरत नव्हते तिला खाट. फोनवर त्या फक्त विचारत, “दुरुस्ती झाली?” मी सांगे, “विचाराधीन आहे.” पाऊस सुरू झाला आणि त्या गेल्या. मी संस्थेला कळवले, कारण अर्जदाराच्या निधनाची बातमी लपवणे मला जमणारे नव्हते. उलट टपाली उत्तर आले : नोंद दुरुस्तीचा अर्ज नमुना पाठवणाऱ्यानेच करावयाचा असतो, अर्जदार मयत असल्याने प्रकरण बंद करण्यात येत आहे.

माहितीच्या अधिकारात मी नोंदवहीची प्रत मागितली, मिळाली नाही. प्रथम अपील केले, प्रलंबित आहे. ज्यांनी माझी पत्रे फाईलला लावली त्यांना माझे म्हणणे खोटे आहे असे एकदाही म्हणता आलेले नाही.

म्हणून हे शेवटचे, आणि हे मी टपालाने पाठवत नाही.

संग्रहप्रमुख महोदय, तुमच्या कपाटातला तो भुंगेरा टाचणीसकट दोन बोटे वर उचला. खालची चिठ्ठी वाचा. मराठीत आहे, अक्षर बारीक आहे, पण शाळेतल्या बाईंचे आहे, वाचता येते. त्यासाठी अर्जदार जिवंत असण्याची गरज नाही. वाचून झाले की जामसरच्या ग्रामसभेला या. अहवालाचे लेखक आणि मंजुरी देणारे अधिकारी यांनाही बरोबर आणा. खालची मुरमाची जागा वाहनतळाला का चालत नाही, हे त्यांनी सांगावे. आणि हा जीव कोठे राहतो, हे तुम्ही सांगावे. खाजगी पत्र नको, खुलासा नको, भेटीची वेळ नको. लोकांसमोर, मोठ्याने.

मी रोज सकाळच्या जीपने सड्याच्या पायथ्याशी, जेसीबीच्या पुढ्यात जाऊन बसतो. बसतो म्हणजे फेऱ्या मारतो. जेसीबीचा चालक बिहारी आहे, भला माणूस आहे, दिवसाचा रोज बुडतो म्हणून कंटाळला आहे. काल त्याने मला विचारले, “काका, काम शुरू करें कि नहीं?” मी त्याला म्हणालो, थांब, उत्तर देणारे दुसरे आहेत. आज त्याने यंत्र चालू करून एकदा फावडे वर-खाली करून पाहिले. महोदय, उद्या तो मला पुन्हा विचारणार आहे. त्याला काय सांगायचे ते येऊन तुम्ही सांगा.